पोदेराच्या टोपलीवरची सात अक्षरं

माझं इंग्रजी चांगलं आहे असं मी स्वतःहून कोणाला सांगत नाही. लोकांना ते कळेल अशी व्यवस्था मात्र करते. पेडण्याच्या ज्या सरकारी कचेरीत मी नोकरी करते तिथे इंग्रजीतलं कुठलंही पत्र बाहेर जाण्याआधी माझ्या टेबलावरून जातं, आणि चूक नसली तरी मी त्यातला एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करते. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, आमच्या घरच्या मोबाइल ग्रूपवर इंग्रजी शब्दांचा खेळ सुरू केला तेव्हा मला वाटलं, चला, आपलं राज्य आलं.

ग्रूपवर आम्ही तिघंच. दादा पर्वरीला राहतो, उंच इमारतीत, कंप्युटरच्या नोकरीत. मी लग्न होऊन धारगळला आले, घर हमरस्त्याला लागून, त्यामुळे आमच्याकडे प्रेमाचं बोलणंसुद्धा ट्रकच्या आवाजावर चढवून करावं लागतं. आणि तिसरे बाबा. ते लाटंबार्श्याला आमच्या मूळ घरी, चार काजूंच्या आणि एका म्हाताऱ्या फणसाच्या संगतीत. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात ते एकटेच.

खेळ साधा होता. रोज सकाळी मोबाइलवर सात इंग्रजी अक्षरं यायची. तेवढीच वापरून शब्द करायचे. एक अक्षर कितीही वेळा घ्या, पण बाहेरचं एकही आणायचं नाही, आणि शब्द चार अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. सातही अक्षरं ज्यात बसतात असा एखादा शब्द त्यात दडलेला असतोच. त्याला आम्ही इसवण, म्हणजे सुरमई म्हणायचो, आणि चार अक्षरांच्या फुटकळ शब्दांना तारले. ही नावं बाबांची. माशांची उपमा दिल्याशिवाय त्यांना कुठलाच खेळ खेळासारखा वाटत नाही.

आता हा खेळ कशासाठी, ते सांगायला हवं. बाबा विसरायला लागले होते. म्हणजे दादाचं म्हणणं, की विसरायला लागले होते. बाबांचं म्हणणं, की या वयात सगळं लक्षात ठेवून करायचं काय. एकदा पेज करपून टोप काळा झाला. एकदा दादा गेला तर गॅस चालू आणि बाबा अंगणात. म्हापशाच्या डॉक्टरने तपासलं, औषध दिलं आणि सांगितलं, डोकं चालतं ठेवा, कोडी सोडवा. दादाने ते फारच मनावर घेतलं. त्याने एक करारच केला. बाबांनी रोज चार-पाच बरे शब्द काढून पाठवायचे. चवथीपर्यंत हे नीट चाललं तर बाबा गावच्या घरी राहतील. नाही चाललं, तर चवथीचा गणपती पोचवला की कुलूप लावून त्यांनी पर्वरीला यायचं, कायमचं. बाबांनी लगेच हो म्हटलं. पैजेला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नाही.

मी मात्र घाबरले होते. पर्वरीत त्यांना काही कमी पडलं नसतं, वहिनी चांगली आहे, खोली हवेशीर आहे. पण बाबांनी जन्मभर टपाल वाटलं. डिचोली तालुक्यातली कितीतरी घरं त्यांनी सायकलवरून पालथी घातली, आणि कोणाच्या दारात पाच मिनिटं न बोलता त्यांनी कधी पत्र दिलं नाही. लिफ्टमध्ये खाली मान घालून उभे असलेले ते माझ्या डोळ्यांसमोर आले आणि मला रडू आलं. हरू नयेत, एवढंच मी म्हणत होते.

पहिल्या आठवड्यात ते हरतीलसं वाटलं. त्यांना येणारं इंग्रजी सगळं टपालातलं. 'पार्सल', 'पोस्टल', 'सील' आणि दिवसाआड 'लेटर'. ते संपलं की मग त्यांच्या मते जे इंग्रजी होतं ते. आमच्या आजीच्या काळापासून घरात एक समज पक्की आहे: पाखल्यांकडून आलं ते सगळं इंग्रजी. पाखले म्हणजे पोर्तुगीज, पण गोरा तो गोरा, त्यात भेद कसला करायचा? तेव्हा बाबा बिनदिक्कत खिडकीचं 'जनेल' पाठवायचे, खुर्चीचं 'कदेल' पाठवायचे, आणि मशीन ते परत फेकायचं. बाबा भडकायचे. "चार पिढ्यो कदेलार बसल्यो, आनी हो मोबाइल म्हणता कदेल नाय!"

मग एके दिवशी त्यांनी टेबलाचं 'मेज' पाखल्यांच्या उच्चाराने 'मेसा' करून पाठवलं आणि मशीनने ते गपकन घेतलं. दादाने समजावलं, की बाबा, मेसा म्हणजे इंग्रजीत सपाट माथ्याचा डोंगर, योगायोगाने बसला तुमचा शब्द. बाबांचा आवाज आला, "मगे? आमच्या मेजाचो माथो सपाटच आसा न्हय?" मी हसण्याची चित्रं पाठवली.

आणि मग काहीतरी झालं. बाबा जिंकायला लागले.

एका संध्याकाळी त्यांनी 'गॅस्केट' पाठवला. मी तो शब्द दोनदा वाचला. ज्या माणसाने सायकलची चेन सोडून आयुष्यात कुठल्या यंत्राला हात लावला नाही, त्याला गॅस्केट कुठून सुचलं? दुसऱ्या आठवड्यात डी, यू, एम, पी, ई, आर, आय ही अक्षरं आली. मी दिवसभर कचेरीत त्यांच्यावर डोकं आपटत होते. दाखला घ्यायला आलेला एक गृहस्थ म्हणाला, "बाई, माझ्या अर्जात काही अडचण आहे का?" मी म्हटलं, "अर्ज ठीक आहे, मलाच 'प्रीमियम'च्या पुढे जाता येत नाही." तो बिचारा विम्याचं काहीतरी असेल असं समजून मान डोलावू लागला. आणि संध्याकाळी बाबांचे शब्द आले: 'डंपर', 'अंपायर', आणि सगळ्यांत शेवटी 'अंपायर्ड'. सातही अक्षरं. इसवण!

दादा खुश. "पाहिलंस? व्यायामाचा परिणाम." दादा स्वतः त्या दिवशी 'पर्डू' असला काहीतरी शब्द घेऊन आला होता, ज्याचा अर्थ विचारल्यावर तो म्हणाला, "फ्रेंचवरून आलाय." दादाचे शब्द नेहमी असेच असायचे, माणसाच्या तोंडून कधी न ऐकलेले. पण तेव्हा मला दादाचा संशय नव्हता. मला बाबांचा मत्सर वाटत होता. खरं सांगते, बाबा जिंकावेत असं मनापासून वाटत होतं आणि तरी त्यांनी मला हरवलं की जेवण गोड लागत नव्हतं. नवरा म्हणाला, "बापाशी पैज लावून कोण झुरतं का?" मी त्या दिवशी त्याला कढी जास्तच पातळ वाढली.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बाबांचे शब्द कधीच सकाळी येत नसत. दुपारीही नाहीत. ते यायचे दिवेलागणीच्या जरा आधी, आणि यायचे ते सगळे एकदम, जाळं ओढल्यासारखे.

श्रावणातल्या एका शनिवारी मी पातोळ्या केल्या आणि कोणाला न कळवता स्कूटरवर डबा बांधून निघाले. अस्नोडा मागे टाकला आणि सर आली. लाटंबार्श्याच्या वाटेवर तिठ्याला एक गॅरेज आहे, त्याच्या पत्र्याखाली मी उभी राहिले. आत एका ट्रकखालून मेकॅनिकचे फक्त पाय दिसत होते. शेजारी दुसरा एक ट्रक उभा होता, त्याच्या चाकांवर वेल चढले होते. खाणी बंद पडल्यापासून तो तिथेच असावा, कारण त्याचा मालक त्याच्या सावलीत खुर्ची टाकून अगदी घरच्यासारखा बसला होता.

तेवढ्यात भोंगा वाजला आणि पोदेर आला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोदेर म्हणजे पाववाला. सायकलीच्या मागे मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आणि रबरी भोंगा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दारोदार. इथली माणसं घड्याळ विसरतील, पोदेराचा भोंगा विसरत नाहीत. तर हा पोदेर पत्र्याखाली आला, त्याने सायकल स्टँडला लावली, आणि माझं लक्ष टोपलीवरच्या प्लास्टिककडे गेलं.

त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची ठळक अक्षरं लावली होती. आय, एन, ओ, व्ही, ए, टी, ई. त्या सकाळी माझ्या मोबाइलवर आलेलीच अक्षरं.

मी डबा घट्ट धरला. मेकॅनिक ट्रकखालून सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि पोदेराला म्हणाला, "चार उंडे दी. आनी 'वॅन' घाल."

"वॅन ल्हान जाता," पोदेर म्हणाला. "चार अक्षरां जाय."

"नेव्ही!" ट्रकमालक खुर्चीतून ओरडला. "माजो भाचो नेव्हीत आसा."

पोदेराने मान वळवून टोपलीवर नजर फिरवली. "वाय खंय आसा? भाच्याक सांग, वाय घेवन ये."

"तुजो किदें आसा मगे?" मेकॅनिकने विचारलं.

"म्हजो 'ओव्हन'," पोदेर छाती काढून म्हणाला. "आनी भट्टीच्या मालकिणीचो 'नोव्हेना', इगर्जेतली नव दिसांची प्रार्थना. तो सकाळीच मेळ्ळा."

सर थांबली. पोदेर निघाला आणि मी स्कूटर हळूहळू त्याच्या मागे काढली. असा प्रवास मी पूर्वी कधी केला नव्हता आणि पुढे होईलसं वाटत नाही. प्रत्येक दारात भोंगा वाजायचा, कोणीतरी बाहेर यायचं, पोदेर पाव द्यायचा आणि शब्द घ्यायचा. कोणाकडे नसला तर म्हणायचा, "बरां, फाल्यां दी," म्हणजे उद्या दे, आणि पुढे. लिहून काही घेत नव्हता. कोणत्या घरी किती पाव, हे जसं त्याच्या डोक्यात होतं, तसेच शब्दही तो तोंडाने घोळवत चालला होता: "दोन पाव एक नेटिव्ह, तीन उंडे नाय काय." मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्यांनी त्याला लांबूनच हाताने नकार दिला. त्यांचा 'अंपायर' आधीच खर्च झाला होता. वाड्याच्या तोंडाशी शिकवणी घेणाऱ्या एक बाई राहतात, त्यांनी खिडकीतूनच दोन्ही हात वर केले. "इनोव्हेट! सातय आयलीं!" आणि पोदेराने आनंदाने भोंगा इतका लांब वाजवला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

बाबा दारापुढच्या सोप्यावर, म्हणजे दगडी बाकावर, चष्मा लावून तयार बसले होते. शेजारची काकीही होती. तिची काजूची बाग आमच्या कुंपणाला लागून आहे आणि तिचा बराच वेळ कुंपणाच्या आमच्या बाजूला जातो. पोदेराने पाव दिले, मग एकेक शब्द, कोणाचा कोणता ते सांगून. बाबा ते मोबाइलवर एका बोटाने टिपत होते, प्रत्येक अक्षराला जिभेचं टोक बाहेर काढून. सगळं झाल्यावर त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"तू कित्याक गो भिजान उबां रवलंय? बस. इसवण मेळ्ळी आज."

"बाबा, ही चोरी आहे," मी म्हटलं.

"चोरी कसली गो?" ते खरोखरच चकित झाले होते. "माटोळेचां सामान कोण एकटो हाडता?"

माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात ती. तिला रानातली फळं, फुलं, वेल बांधायचे असतात. आमच्या वाड्यात ते सामान कोणी एकटा आणत नाही. कोणी कांगलं आणतो, कोणी माट्टुळी, कोणी घागऱ्यो, ज्याच्या बागेत जे असेल ते, आणि संध्याकाळी ते वाटून सगळ्यांच्या घरी जातं. बाबांना सात अक्षरं मिळाली, घरी बसून शब्द करा असं सांगितलं गेलं, आणि त्यांनी जे वाड्यात नेहमी करतात तेच केलं: सकाळी पाव घेताना ती अक्षरं पोदेराला दिली, आणि तो ती टोपलीवर लावून दारोदार फिरला. एकट्याने डोकं खाजवायचं असं दादाला अभिप्रेत होतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. आलं असतं तर तो खेळ त्यांना वेडेपणाच वाटला असता.

मी पातोळ्या वाटल्या, पोदेरालाही दिली, आणि घरी येताना ठरवलं की दादाला यातलं काही सांगायचं नाही. चवथ जवळ आली होती. बाबा जिंकत होते. कसे जिंकत होते, याची चौकशी करायला मी काही सरकारी कचेरी नाही. म्हणजे दिवसा असते, पण शनिवार-रविवारी नाही.

चवथीच्या आधीच्या रविवारी दादा घर झाडायला आणि करार पुरा झाला का ते बघायला आला. मीही गेले. दिवसभर आम्ही कोळिष्टकं काढली, भांडी घासली. दादा मजेत होता. संध्याकाळी आम्ही सोप्यावर बसलो आणि भोंगा वाजला. मी उठून पोदेराला वाटेतच गाठायला निघाले, पण तो उतारावरून सुसाट आला आणि सायकलवरूनच ओरडला, "ओ पोस्तमन! आज टॅपेट मेळ्ळा, प्लॅनेट मेळ्ळा! इसवण अजून पावक नाय, शिकवणीच्या बाईंक विचारतंय!"

दादाने टोपलीकडे पाहिलं. पी, ए, आर, ई, एन, टी, एल. मग मोबाइलकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुला माहीत होतं?"

"श्रावणापासून," मी म्हटलं.

मग जे झालं त्याला आमच्याकडे झगडं म्हणतात. दादा म्हणाला ही फसवणूक आहे. मी म्हटलं, फसवणूक म्हणायची तर तुझा 'पर्डू' कुठून आला ते सांग. तो गडबडला. अक्षरं टाकली की शब्द काढून देणारी पानं इंटरनेटवर असतात, हे मलाही माहीत होतं. "ते वेगळं," तो म्हणाला. "माझ्या डोक्याची कोणाला काळजी नाहीये." हे वाक्य बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच विचित्र वाटलं असावं. पण तो हटला नाही. बाबांकडे वळून म्हणाला, "आत्ता करा. आतल्या खोलीत, एकटे. ही सात अक्षरं. मला फक्त बघायचंय."

बाबा उठले. "करतंय," म्हणाले. पैजेला नाही म्हणणार कसे?

ते आत गेले. दादा दारात उभा राहिला, मी त्याच्या मागे. बाहेर काकी, पोदेर, आणि कुठून वास लागला कोण जाणे, मेकॅनिक आणि शिकवणीच्या बाईही येऊन थांबल्या. बाईंच्या ओठांवर शब्द आलेला मला दिसत होता. त्यांनी तोंडावर पदर धरला.

बाबा खाटेवर बसून अक्षरांकडे बघत राहिले. "लेटर," म्हणाले. दादा म्हणाला, "छान, पुढे." बाबांनी बराच वेळ घेतला. "पेपर." मग आणखी वेळ. मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "लेटर." दादा हळूच म्हणाला, "झाला तो, बाबा." "झालो?" त्यांनी विचारलं, आणि पुन्हा अक्षरांकडे पाहू लागले. थोड्या वेळाने त्यांनी वर पाहिलं, नवीन शब्द सापडल्याच्या तशाच आनंदाने. "लेटर!"

मला तेव्हा कळलं की त्याचं खरं होतं. बाबा विसरत होते, आणि मी माझ्या मत्सरात आणि हसण्यात ते बघायचं टाळलं होतं. मला फार भीती वाटली. मी दादाचा हात धरला. लहानपणी कुत्रं अंगावर आलं की धरायची तसा.

बाबांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते समजले. "हरलंय मगे," म्हणाले. "पैज ती पैज. पिशी भरतंय." आणि त्यांनी कपाट उघडलं.

दादा बाहेर येऊन सोप्यावर बसला. कोणी त्याला दोष दिला नाही. काकी नुसती पुढे आली आणि, कचेरीत बदली झालेला माणूस नव्याला चार्ज देतो त्या सुरात, बोलायला लागली.

"सकाळची गोळी विचारूक जाय. घेवक विसरना तो, घेतली ती विसरता. दोनदा घेता. म्हणान बाटली माज्या घरात दवरल्या. ती तुका दितंय."

"गॅस मी विचारतंय, सकाळी पाव दिताना आनी सांजेक," पोदेर म्हणाला. "आत वचून बघूक जाय. बंद आसा म्हणता, पूण बघूक जाय."

दादाने मोबाइल काढला आणि टिपायला सुरुवात केली.

मेकॅनिक म्हणाला, "मंगळवारी तो बाजाराक भायर सरता. मंगळवार नसलो तरी सरता. आडावक जायना, राग येता ताका. तिठ्यापर्यंत येवक दिवचो, मगे मी च्या घालतंय आनी स्कूटरीर परत हाडतंय."

"आणि संध्याकाळी कधीकधी तुमच्या आईला हाक मारतात," शिकवणीच्या बाई म्हणाल्या. "तेव्हा 'नाहीत' असं सांगायचं नाही. 'देवळात गेल्यात' म्हणायचं. मग शांत होतात."

दादाचा अंगठा थांबला. "हे कधीपासून?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुजी आवय गेली तेवासून," काकी म्हणाली. "तुमका सांगतले कित्याक? तुमी लांब."

मला वाटत होतं की बाबांची मोठी खबर फक्त आम्हा दोघांकडे आहे आणि ती गावापासून लपवायची आहे. गावाने ती दोन वर्षं आमच्यापासून लपवली होती, आणि त्या सात अक्षरांच्या निमित्ताने तर सगळे रोज दोनदा त्यांची खुशाली घेऊन जात होते. दादा मोबाइलवर जे टिपलं होतं ते वाचत होता. गोळी. गॅस. मंगळवार. देऊळ. तो सकाळी आठला निघतो, वहिनी साडेआठला. मी त्याच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला पाहत होते आणि तो कुठेच जुळत नव्हता.

"हे सगळं," तो शेवटी म्हणाला, कोणाला उद्देशून नाही, "मी एकटा कसं करणार?"

पोदेर भोंग्याच्या रबराशी चाळा करत होता. आतून बाबा आले. हातात कापडी पिशवी, तिच्यातून दंतमंजनाचा डबा डोकावत होता, आणि अंगात बाहेर जाण्याचा इस्त्रीचा सदरा. पायरीवर येऊन ते थांबले. एवढी माणसं जमलेली पाहून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि आमच्याकडे.

"कोण खंय चल्लो?" त्यांनी विचारलं.

दादा उठला. पर्वरीला गेल्यापासून तो आमची बोली बोलत नाही, आम्ही त्यावरून त्याला चिडवतो. त्याने बाबांच्या हातातून पिशवी घेतली.

"कोणच खंय जावक नाय, बाबा," तो म्हणाला. "बसा."